पाचशे पोरांचे घर

इंग्लंड देशात टेम्स नावाची नदी आहे. लंडन शहर तिच्याच काठी वसले आहे. लंडनहून नदीबरोबर समुद्राकडे निघाले की ग्रेज नावाचे गाव लागते. तिथे नदी चांगली रुंद आहे. समुद्राची भरती-ओहोटी तिथवर पोचते. ओहोटी लागली की काठचा चिखल उघडा पडतो.

या गावासमोर १८७० साली एक जुने लढाऊ जहाज आणून नांगरले. जहाजाचे नाव गोलायथ. ते १८४२ साली पाण्यात उतरले होते. सगळे बांधकाम लाकडाचे. एके काळी ते ८० तोफांचे जहाज होते. पुढे लोखंडी जहाजे आली आणि अशा लाकडी जहाजांचे लढाईतले दिवस संपले. म्हातारा बैल गोठ्यात बांधून ठेवावा, तशी ही जहाजे इंग्लंडच्या आरमाराने बंदरात बांधून ठेवली होती. गोलायथ त्यांतलेच एक. आता त्यावर तोफा नव्हत्या. पोरे होती. जवळजवळ पाचशे.

ही पोरे कोणाची? लंडनच्या पूर्व भागातल्या अगदी गरीब वस्त्यांतली. कोणाला आई नाही, कोणाला बाप नाही. कोणाला दोन्ही आहेत, पण घरात चूल पेटत नाही. त्या काळी तिकडे अशा लोकांसाठी कायद्याने चालवलेली आश्रयघरे असत. त्यांना वर्कहाउस म्हणत. तिथे भाकरी मिळे, पण मान मिळत नसे. लहानपणी तिथे वाढलेले पोर मोठेपणी पुन्हा तिथेच येऊन पडते, अशी जाणत्या लोकांची तक्रार होती. मग त्या वस्त्यांच्या कारभाऱ्यांनी ठरवले, की मुलगे जहाजावर ठेवू. त्यांना जहाजाचे काम शिकवू. मोठी झाली की ती खलाशी होतील आणि आपल्या पायांवर उभी राहतील.

आपल्याकडे शाळा-कॉलेजांत एन.सी.सी. आहे. तुम्ही ती मुले पाहिली असतील. अंगात गणवेश, पायांत बूट, मैदानात कवायत. त्यांना कॅडेट म्हणतात. कॅडेट म्हणजे शिकाऊ शिपाई. गोलायथवरची पोरे शिकाऊ खलाशी होती. पण एक मोठा फरक होता. आपला कॅडेट कवायत आटोपली की घरी जातो. आई त्याला वाढते. या पोरांना दुसरे घर नव्हते. जेवण जहाजावर, झोप जहाजावर, शाळाही जहाजावर.

पहाटे उठून मुले जहाजाची फळी न् फळी धूत. आढ्याला टांगलेल्या झोळीत निजायचे आणि सकाळी झोळी गुंडाळून जागेवर ठेवायची. मग दोरांच्या गाठी मारायच्या, डोलकाठीवर चढायचे, वल्ही मारायची. लिहिणे-वाचणे होतेच. बँड वाजवायला शिकवत. पोहायलाही शिकवत. पुढे काय झाले ते वाचले, की हे पोहायला शिकवणे किती मोलाचे होते ते कळेल. शहरातल्या गल्लीबोळांत वाढलेल्या पोरांना पाण्याची सवय कुठली? पण जहाजावर राहायचे तर पाण्याशी ओळख हवी, असा तिथला नियम होता.

त्या जहाजाचा कप्तान बाउचर नावाचा आरमारी अधिकारी होता. तो आपल्या कुटुंबासह जहाजावरच राही.

आता १८७५ सालची २२ डिसेंबर ही तारीख घ्या. बुधवार होता. तिकडे डिसेंबरात सकाळी आठ वाजेपर्यंत पुरते उजाडत नाही. म्हणून जहाजावर पहाटेपासून दिवे लागत. उजाडले की ते विझवून एका खोलीत नेऊन ठेवत. तिथे ते पुसायचे, वाती कापायच्या, तेल भरायचे. ही दिव्यांची खोली. दिव्यांचे काम एका मुलाकडे असे. दिव्यांत रॉकेलच्या जातीचे तेल होते.

त्या सकाळी तापलेल्या दिव्याने त्या मुलाचा हात पोळला. दिवा हातातून निसटला आणि खाली पडला. खालच्या फळ्यांत वर्षानुवर्षांचे सांडलेले तेल मुरले होते. फळ्यांनी पेट घेतला.

इथे मला एक सांगावेसे वाटते. पुष्कळ जण ही हकिकत सांगताना म्हणतात, की एका पोराच्या हातून जहाज जळाले. मला हे पटत नाही. पोराच्या हाताला चटका बसला तर दिवा सुटणारच. पाचशे जीव ज्या लाकडावर राहतात, त्याच्या पोटात तेलकट फळ्यांची खोली ठेवायची, आणि तिथे पेटते दिवे पोराच्या हाती द्यायचे, हे कोणी ठरवले? दोष शोधायचा तर तो तिथे शोधावा.

आग एवढ्या झपाट्याने का पसरली, तेही समजून घेऊ. लाकडी जहाज बांधताना दोन फळ्यांच्या मधल्या फटीत तागाचे दोर ठासून भरत आणि त्यावर तापलेले डांबर ओतत. म्हणजे पाणी आत येत नाही. पण ताग काय, डांबर काय, दोन्ही जळायला एका पायावर तयार. वर रंगाचे थरावर थर. लाकूड तीस वर्षे वाळलेले. शिवाय जहाजाला मजले असतात आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला मोठी भोके असतात. त्यांतून शिडीने चढउतार करतात. माणसे ज्या वाटेने वर जातात त्याच वाटेने जाळही वर जातो. चुलीवरच्या धुराड्यातून धूर कसा ओढला जातो, तसेच ते. खाली पेटले की वरचा मजला तापतो आणि वारा खालची आग वर खेचतो.

तेलाची आग पाण्याने विझत नाही, हेही लक्षात ठेवावे. तेल पाण्यापेक्षा हलके. पाणी ओतले की पेटते तेल पाण्यावर तरंगते आणि पाण्याबरोबर पुढे वाहत जाते. जिथे आग नव्हती तिथेही लागते. घरात रॉकेलचा दिवा किंवा स्टोव्ह भडकला तर त्यावर वाळू किंवा सुकी माती टाकावी, नाही तर जाड ओले गोणपाट पसरून झाकून टाकावे. आगीला हवा मिळाली नाही, की ती गुदमरते.

गोलायथवर आगीची घंटा झाली. आता पाचशे पोरे घाबरून सैरावैरा धावली असती, तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. पण तसे झाले नाही. आग लागली तर कोणी कुठे उभे राहायचे, हे त्यांना आधीच शिकवलेले होते. त्याची कवायत त्यांनी अनेकदा केली होती. घंटा ऐकताच पोरे आपापल्या जागी गेली. पंपावरची पंपावर, होड्यांची होड्यांवर. काहींनी पाणी मारायला सुरुवातही केली. पण काही मिनिटांतच कळून चुकले, की हे विझणारे नव्हे. धुराने डोळे मिटू लागले. दोरांनी टांगलेल्या काही होड्या खाली सोडण्याआधीच पेटल्या.

मग जीव वाचवायची वेळ आली. कोणी दोर धरून खाली उतरला. कोणी उडी टाकली. पोहता येत होते ते डिसेंबरच्या गारठलेल्या पाण्यातून काठाकडे निघाले आणि चिखल तुडवीत वर आले. इतरांना आसपासच्या होड्यांनी उचलून घेतले. मोठी पोरे लहानांना धरून होती, असे लोकांनी पाहिले आणि पुढे सांगितले. कप्तान मात्र हलेना. पोरांनी त्याला विनवले, तुम्ही आधी उतरा. जहाजावरची रीत तशी नसते, असे त्याने पोरांना सांगितले. जवळची पोरे उतरल्यावर तो उतरला.

तरीही सुमारे वीस जण गेले. त्यांतले बहुतेक लहान मुलगेच होते.

जहाज जळत राहिले. शेवटी नदीत उरला तो कोळसा झालेला सांगाडा.

ग्रेज गावच्या लोकांनी दारे उघडली. पोरांच्या अंगावर ओल्या कपड्यांखेरीज काही नव्हते. काही तर अर्धी उघडीच होती. गावाने त्यांना कपडे दिले, ऊब दिली, खायला घातले. मग त्यांना लंडनजवळच्या त्यांच्या मूळच्या गरिबांच्या शाळेत पोचवले. झोळ्या गेल्या, वह्या गेल्या, बँडची वाद्ये गेली. नाताळ तीन दिवसांवर आला होता. आपल्याकडे दिवाळी, तसा त्यांचा तो सण.

खरा प्रश्न यापुढचा होता. पोरांना घर परत द्यायचे की नाही? हा खर्च लोकांच्या करातून व्हायचा होता. गरिबांच्या पोरांवर एवढा पैसा कशाला, असे म्हणणारी माणसे सगळ्या देशांत असतात. त्यातून जहाजच जळाले, पोरे मेली. योजना इथेच गुंडाळायला चांगले निमित्त होते. आणि गुंडाळली असती तर काय झाले असते? पोरे जिथून आली तिथेच परत गेली असती.

तसे झाले नाही, आणि त्याचे एक कारण पोरांचे वागणेच होते. त्या सकाळची हकिकत वर्तमानपत्रांतून देशभर गेली होती. ज्यांना लोक ओवाळून टाकलेली म्हणत, ती पोरे आगीत रांग धरून उभी राहिली. हे पाच वर्षांच्या शिकवणीचे फळ, असे लोक म्हणू लागले.

लंडनमध्ये १८६७ पासून एक सार्वजनिक मंडळ होते. शहरातल्या आजारी गरिबांचे दवाखाने ते चालवी. नव्या जहाजाचा कारभार या मंडळाने अंगावर घेतला. आरमाराने एक्समथ नावाचे दुसरे जुने लढाऊ जहाज दिले. ते १८५४ सालचे होते आणि गोलायथपेक्षा मोठे होते. १८७६ साली ते मंडळाच्या हाती आले. जागा तीच, ग्रेज गावासमोरची. कप्तानही तोच, बाउचर. माणूस आगीतून बाहेर पडला आणि त्याच पात्रात दुसऱ्या लाकडी जहाजावर जाऊन उभा राहिला. मला तर या सगळ्या हकिकतीत हीच गोष्ट मोठी वाटते. पोरांच्या बाजूने पाहा. नवे जहाज, नवी फळी, पण दारात उभा असलेला माणूस ओळखीचा. घर पुन्हा बसायला याने किती मदत झाली असेल!

आणखी एक बदल झाला. गोलायथ काही थोड्या वस्त्यांच्या पोरांसाठी होते. एक्समथवर साऱ्या लंडन शहरातली गरीब पोरे येऊ लागली. आजारी पोरांसाठी काठावर वेगळे घर घेतले. बँडची वाद्ये पुन्हा आली. त्या बँडमध्ये शिकलेली कितीतरी पोरे पुढे सैन्याच्या वाद्यपथकांत नोकरीला लागली. खलाशी करायला आणलेली पोरे वाजंत्री झाली म्हणून कोणी रडले नाही. पोटाला काम मिळाले, झाले.

लाकडाचे आणि दिव्याचे वैर मात्र संपले नव्हते. गोलायथ जळाले त्याला दोन आठवडेही झाले नव्हते. ३ जानेवारी १८७६ या दिवशी त्याच टेम्स नदीत वॉरस्पाइट नावाचे पोरांचे दुसरे जहाज जळाले. ते मरीन सोसायटी नावाच्या संस्थेचे होते. ही संस्था १७५६ सालची, फार जुनी. तिने दुसरे लाकडी जहाज मिळवले आणि त्यालाही वॉरस्पाइट हेच नाव दिले. १९१८ साली तेही जळाले. मग १९२२ साली संस्थेने जुनी लोखंडी लढाऊ नौका घेतली. तिलाही नाव वॉरस्पाइट! घरात आजोबांचे नाव नातवाला ठेवतात ना, तशी ही रीत आहे. पोराला कोणी विचारले, तू कुठला? तर त्याला म्हणता यावे, मी वॉरस्पाइटचा. जहाज कितवे, हे कोण विचारतो?

नावाच्या या रीतीचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. मुंबईच्या गोदीत १८१५ साली वेलस्ली नावाचे लढाऊ जहाज तयार झाले. जमशेटजी बोमनजी वाडिया या नामांकित पारशी कारागिराच्या देखरेखीखाली ते बांधले. लाकूड सागवानी. १८६८ साली इंग्लंडमध्ये या जहाजाच्या नावाची कॉर्नवॉल नावाच्या जहाजाशी अदलाबदल झाली. मुंबईचे सागवानी जहाज कॉर्नवॉल झाले आणि टेम्स नदीत पोरांचे जहाज म्हणून राहिले. १९४० साली जर्मन विमानांच्या बाँबहल्ल्यात ते बुडाले. वेलस्ली हे नाव मात्र उत्तरेकडच्या टाइन नदीवरच्या पोरांच्या जहाजाला मिळाले. पुढे ते जहाज मोडीत निघाले, तेव्हा बॉस्कॉवेन नावाचे लाकडी जहाज तिथे आणले आणि त्यालाही वेलस्ली म्हणू लागले.

हे टाइन नदीवरचे वेलस्ली ११ मार्च १९१४ या दिवशी जळाले. पोरांना उतरवून घेतले. पण त्यांना ठेवायचे कुठे? जवळच टाइनमथ गावी समुद्रकाठी लोकांच्या करमणुकीसाठी बांधलेली एक मोठी इमारत होती. पोरांना तिथे नेले. तात्पुरती सोय म्हणून नेले असेल. पण पाच महिन्यांतच पहिले महायुद्ध सुरू झाले. पोरे त्याच इमारतीत राहिली. दिवस गेले, वर्षे गेली. १९२० साली त्यांना ब्लाइथ बंदरात जागा मिळाली. युद्धात पाणबुड्यांच्या आरमारी तळासाठी ती वापरली होती. सहा वर्षे पोरे उसन्या छपराखाली होती. पण शिकवणे चालू राहिले आणि नावही वेलस्लीच राहिले. जहाज नव्हते, तरी खलाशी तयार होत होते.

आता पुन्हा ग्रेजला येऊ. १९०३ च्या सुमाराला एक्समथ जहाजाचे लाकूड कुजले असे आढळले. या वेळी मंडळाने जुने जहाज मागून आणले नाही. मुद्दाम पोरांसाठीच नवे जहाज बांधून घेतले. तेही लोखंड-पोलादाचे. बॅरो गावच्या व्हिकर्स कंपनीने १९०५ साली ते बांधले. आकार मात्र जुन्या लाकडी जहाजासारखाच ठेवला, म्हणजे पोरांना ते आपलेच वाटावे. पोलाद पेट घेत नाही. आतले सामान, कपडे, तेल पेटेलच. पण खालच्या मजल्यावरची आग फळीफळीने वर चढत नाही. पोरांना पळायला वेळ मिळतो. गोलायथवर हा वेळच कमी पडला होता. हे पोलादी जहाज फार टिकले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याला वूस्टर नाव दिले आणि १९६८ पर्यंत त्यावर मुले जहाजाचे काम शिकत होती.

याच बॅरो गावी, त्याच कंपनीने बांधलेले आणखी एक जहाज आपल्याकडच्या पुष्कळांनी पाहिले आहे. त्याचे नाव डफरिन. १९२७ सालापासून ते मुंबईला माझगावजवळ उभे होते. हिंदी मुलांना व्यापारी जहाजांवरचे अधिकारी करण्यासाठी त्यावर शाळा होती. त्याआधी असली मोठी कामे गोऱ्या लोकांकडेच असत. डफरिन जुने झाले तेव्हा १९७२ साली राजेंद्र नावाचे जहाज आले. १९९३ साली तेही गेले आणि शाळा नव्या मुंबईत नेरूळला जमिनीवर आली. तिचे नाव चाणक्य. साधी पक्की इमारत, खाली माती. तरी तिला शिक्षणनौका चाणक्यच म्हणतात.

इंग्लंडमध्ये आज गरीब पोरांची अशी जहाजे राहिली नाहीत. पण गावोगावी सी कॅडेट नावाची मुलामुलींची पथके आहेत. मुले आपल्या घरी राहतात आणि ठरल्या संध्याकाळी जमतात. बहुतेक पथकांचे घर म्हणजे एक लांबट खोली, शेजारी होड्यांची शेड, दारात झेंड्याची काठी. तिलाही ते जहाजच म्हणतात. अशी खोली कधी जळाली, की होड्या, गणवेश, ढोल, सगळे जाते. मग शेजारच्या शाळेतली नाही तर चर्चमधली खोली मागून घेतात. गणवेश नसला तर घरच्या कपड्यांत रांग लावतात. जुन्या वॉरस्पाइटची मरीन सोसायटी २००४ साली या सी कॅडेट पथकांच्या संस्थेत मिळून एक झाली. पथकांच्या रांगेत आजही आधी हजेरी होते, झेंडा चढतो, आणि मग नव्या पोरांना दोराची पहिली गाठ शिकवतात.